आधी विचार, मग मागव

अगं, ग्रानादाला निघायच्या आधी तू फोनवर स्पॅनिशचे धडे गिरवते आहेस, असं तुझ्या आईने सांगितलं. गिरव, काही बिघडत नाही. पण त्या धड्यांची गाडी 'सफरचंद लाल आहे' आणि 'मुलगी दूध पिते' याच्या पुढे फारशी सरकत नाही. तुझं पोट भरणार आहे ते खानावळीतल्या वेटरला आणि बाजारातल्या भाजीवालीला चार प्रश्न धड विचारता आले तर. निवृत्त होईपर्यंत मी पुण्यात स्पॅनिश शिकवलं. तिकडे निघालेल्या प्रत्येक पोराला पहिल्या तासाला जे सांगितलं, तेच तुलाही सांगते: 'मी शाकाहारी आहे' हे वाक्य सगळ्यात शेवटी शिक. त्याआधी पदार्थात काय काय घातलंय ते विचारायला शिक, आणि विचारताना जिन्नसाचं नाव घेऊन विचार.

प्रश्न एवढाच: 'के येवा एस्तो?' म्हणजे ह्यात काय काय आहे? पुस्तकात 'इंग्रेदिएंतेस' हा शब्द भेटेल, तो पाकिटावर छापलेला असतो. टेबलाशी उभ्या माणसाला कोणी तो विचारत नाही. पाठ करायला सोपं व्हावं म्हणून मी मुलांना मालवणी 'येवा'ची आठवण द्यायची, पोरं हसायची आणि विसरायची नाहीत. हाच 'येवा' पुढे ठेवून जिन्नस जोडला की होय-नाहीचा प्रश्न तयार. 'येवा खामोन?' डुकराच्या मांडीचं मुरवलेलं मांस आहे का? 'येवा आतून?' ट्यूना मासा आहे का? 'येवा उएवो?' अंडं आहे का? तू अंडं खातेस, तेव्हा हा शेवटचा प्रश्न तुला नको, पण तुझ्या खोलीत कोणी न खाणारी आली तर तिला लागेल.

आता नावं घेऊन का विचारायचं ते सांगते, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. 'कार्ने' म्हणजे मांस, असं शब्दकोश सांगतो. पण स्पेनमधल्या स्वयंपाकघरात 'कार्ने' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गाईचा किंवा डुकराचा शिजवलेला तुकडा. मासा म्हणजे 'कार्ने' नव्हे. कॅथलिक लोक ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य करतात आणि मासा खातात. त्या दिवसांत घरोघर काबुली चणे, पालक आणि खारवलेला 'बाकालाओ' म्हणजे कॉड मासा घालून 'पोताखे' शिजतं. शेकडो वर्षं 'बिनमांसाचं जेवण' म्हणजे मासे घातलेलं जेवण, हा अर्थ तिथे मुरलेला आहे. त्यामुळे तू 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं मागितलंस आणि ताटात ट्यूना आला, तर वेटरने तुला फसवलं असं समजू नकोस. त्याच्या हिशेबाने त्याने तुझं ऐकलं.

खामोनचंही तेच. 'नो येवा कार्ने, सोलो उनोस ताकीतोस दे खामोन,' हे उत्तर तू पहिल्या आठवड्यातच ऐकशील. मांस नाही हो, नुसते खामोनचे बारीक चौकोनी तुकडे! ते तुकडे म्हणजे चवीपुरतं, आपण आमटीत कढीपत्ता टाकतो तसं. मटार शिजवले, टाक तुकडे. फरसबी शिजवली, टाक तुकडे. ग्रानादाचा तर नावाजलेला पदार्थच 'आबास कोन खामोन', म्हणजे पावट्यासारखे मोठे हिरवे दाणे आणि खामोन. आल्पुखारा डोंगरातलं त्रेवेलेस हे गाव तुझ्याच प्रांतातलं, आणि तिथल्या थंड कोरड्या हवेत मुरणारा खामोन देशभर मान्यता पावलेला. त्यामुळे ग्रानादात भाजीच्या ताटलीत तो नसणं हीच विशेष गोष्ट. म्हणून पुरतं वाक्य पाठ कर: 'नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन.' खामोन वेगळा सांगायचाच. आणि त्यावर शेपूट जोड: 'नी ताकीतोस.' वेटर हसेल, पण तुकडे येणार नाहीत.

नावावर जाऊ नकोस. 'सांद्विच वेखेताल' वाचून तुला वाटेल भाजीचं सँडविच. त्यात भाजी असतेच, पण बरोबर अंडं, मेयोनीझ आणि बऱ्याचदा ट्यूनाही असतो, काही ठिकाणी तर खामोनसुद्धा. 'एन्सालादा मीक्स्ता', म्हणजे साधी मिसळ कोशिंबीर, तिच्यावर बहुतेक वेळा ट्यूनाची ढेपली ठेवलेली असते. 'एन्सालादीया रूसा' ही बटाटा-गाजर-मटाराची, मेयोनीझमध्ये कालवलेली, तिच्यातही ट्यूना. हिरवी ऑलिव्हं निरागस दिसतात, पण आतली बी काढून त्या जागी अँचोवी मासा भरलेली ऑलिव्हं तिथे डब्याडब्यांनी विकली जातात; 'रेयेनास दे आन्चोआ' असं लिहिलेलं असतं. मिरच्या भरलेल्या असतील तर 'दे के एस एल रेयेनो?', सारण कशाचं, हे विचार. क्रोकेता नावाच्या तळलेल्या वड्यांनाही हाच प्रश्न: 'दे के सोन?', कशाच्या आहेत?

तोर्तीया हा शब्द तुला ओळखीचा वाटेल. मेक्सिकोत ती मक्याची पोळी. स्पेनमध्ये 'तोर्तीया दे पातातास' म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, कांदा घालून किंवा न घालता. ती तुझी हक्काची. पण ग्रानादात 'तोर्तीया देल साक्रोमोन्ते' असं दिसलं, तर हात जोड आणि पुढे जा. त्या ऑम्लेटात परंपरेने जनावराचा मेंदू आणि वृषण घालतात. तसंच 'गास्पाचो' हे टोमॅटोचं थंडगार सार, उन्हाळ्यात पोटभर पी. मात्र अनेकवचनात 'गास्पाचोस मान्चेगोस' लिहिलेलं दिसलं, तर तो सशाच्या किंवा शिकारीच्या मांसाचा गरम रस्सा आहे, त्यात पोळीचे तुकडे घातलेले. कोर्दोबाचं 'साल्मोरेखो' हे गास्पाचोपेक्षा दाट, टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं. आत काही नाही, पण वर उकडलेलं अंडं आणि खामोन भुरभुरतात. ते 'सिन खामोन पोर एन्सीमा' मागव, वर खामोन नको म्हणून.

उलटंही होतं बरं का. नाव ऐकून घाबरशील अशा काही गोष्टी तुला चालतात. 'तोसीनो दे सिएलो', म्हणजे स्वर्गातली चरबी, हे गोड आहे. अंड्याचा बलक आणि साखर, बस्स. 'काबेयो दे आन्खेल', देवदूताचे केस, हा भोपळ्याच्या जातीच्या फळाचा तंतूतंतूंचा मुरंबा. 'ब्रासो दे खितानो' हा गुंडाळलेला केक. बिनधास्त खा. पण नाताळात जी 'पोल्वोरोनेस' आणि 'मान्तेकादोस' अशी कागदात गुंडाळलेली, तोंडात विरघळणारी बिस्किटं घरोघर पुढे येतात, ती नानकटाईची बहीण वाटली तरी परंपरेने डुकराच्या चरबीत मळलेली असतात. सेव्हिया प्रांतातलं एस्तेपा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. ऑलिव्ह तेलात केलेलीही मिळतात, पाकिटावर 'आसेइते दे ओलीवा' शोध. मायोर्काच्या 'एन्साइमादा' नावाच्या गोल पावातही हीच चरबी.

त्या चरबीचं नाव 'मान्तेका'. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढे तू अर्जेंटिनाला गेलीस तर तिथे 'मान्तेका' म्हणजे साधं लोणी. स्पेनमध्ये लोण्याला 'मान्तेकीया' म्हणतात. मेक्सिकोत पुन्हा 'मान्तेका' म्हणजे चरबी, आणि तिथल्या परतलेल्या राजम्यात आणि तामालेसमध्ये ती जाते. देश बदलला की शब्द पुन्हा विचारायचा. बटाटा स्पेनमध्ये 'पाताता', अटलांटिक ओलांडला की 'पापा'. शेंगदाणा स्पेनमध्ये 'काकाउएते', दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'मानी'. आणि आपण बटाटा म्हणतो म्हणून तू 'बाताता' मागशील, तर पिशवीत रताळं येईल.

सगळ्यात लपून बसणारी गोष्ट म्हणजे 'काल्दो', शिजवायला वापरलेलं पाणी. मसूर, भात, सूप, सॉस, कशातही कोंबडीचा, हाडांचा किंवा माशांचा अर्क असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. 'आरोस दे वेर्दूरास', भाज्यांचा भात, मागवलास तरी विचार: 'दे के एस एल काल्दो?' उत्तर 'दे वेर्दूरास' आलं तर ठीक. 'दे पोयो' आलं तर कोंबडीचं. ('पोयो'चा शेवटचा 'ओ' ठणठणीत म्हण. तो 'आ' झाला तर आख्खं हॉटेल तुझ्याकडे वळून बघेल. का ते तुला तिथली मैत्रीण सांगेल, मावशी सांगणार नाही.) पाएया या भाताच्या बाबतीत तर भ्रमच नको. व्हॅलेन्सियाच्या अस्सल पाएयात कोंबडी आणि ससा असतो, कधी गोगलगायीही. मसुरीच्या आमटीत, म्हणजे 'लेन्तेखास'मध्ये, चोरीसो, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज, घातलेला असला तर तो बाजूला काढून खाऊ का, असं विचारणारी मुलं मला भेटली आहेत. ज्याचा त्याचा प्रश्न. पण रस त्यातच उतरलेला असतो.

तळणाचं म्हणशील तर मिरच्या, वांगी आणि मासे बहुतेक ठिकाणी एकाच कढईत तळले जातात. तुला त्याचं वावडं असेल तर 'लो फ्रीएन एन ला मीस्मा फ्रेइदोरा?' असं विचार. नसेल तर विचारू नकोस. उत्तर ऐकून जेवण कडू होईल.

आता बोलायचं कसं. याबाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे, इंग्रज लोकांसारखी जीभ वळवावी लागत नाही. स्पॅनिशचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांवरचे, 'प-त-क' हवा न सोडता, 'र' खणखणीत. 'ह' लिहितात आणि म्हणत नाहीत. 'ज' लिहिलेला 'ख'सारखा घशातून काढायचा. 'शाकाहारी' हा शब्द इंग्रजी वळणाने म्हणशील तर समोरच्याला कळेलच असं नाही. 'बेखेतारियाना' म्हण, आणि तू मुलगी आहेस म्हणून शेवटी 'ना'. ऐकण्याचं मात्र अवघड. आन्दालुसियात शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, 'पेस्कादो'चा 'पेस्काओ' होतो, 'तोस्तादा'ची 'तोस्ता'. पुस्तकातलं अनेकवचन तुला ऐकूच येणार नाही. म्हणून लांब उत्तर मागवायचे प्रश्न कमी विचार, होय-नाहीचे जास्त विचार. नुसतं 'के येवा?' विचारलंस तर उत्तराचा धबधबा येईल, 'येवा खामोन?' विचारलंस तर 'सी' किंवा 'नो'. समजलं नाही तर 'मास देस्पासियो, पोर फावोर', जरा हळू.

विचारायची वेळही असते. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते चार. ठरावीक किमतीचं 'मेनू देल दिया' मिळतं, त्यात पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी. ही पद्धत १९६० च्या दशकात सरकारने परदेशी पर्यटकांसाठी सक्तीच्या केलेल्या स्वस्त जेवणातून आली आणि पुढे नोकरदारांची झाली. अडीच-तीनला वेटरच्या हातात सहा ताटल्या असतात. तेव्हा काल्दो कशाचा म्हणून विचारशील तर तो घाईत 'नो, नो' म्हणून मोकळा होईल. दीडला जा. त्या वेळी तो आत जाऊन स्वयंपाक्यालाही विचारून येतो. बदल हवा असेल तर 'मे लो पुएदे आसेर सिन खामोन?' हे घरंदाज वाक्य. पहिल्या ताटल्यांतूनच दोन घेतल्या तरी चालतं: 'दोस प्रिमेरोस'. भाज्या-कडधान्यं पहिल्या गटात असतात, मांस-मासे दुसऱ्यात, त्यामुळे तुझं काम तिथेच होतं.

ग्रानादात आणखी एक गंमत आहे. पेय मागवलं की बरोबर एक तापा, छोटी खाण्याची ताटली, फुकट येते. निवड बऱ्याचदा त्यांची असते. म्हणून पेय मागतानाच सांग: 'ला तापा, सिन कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन.' ताटली आल्यावर सांगण्यात अर्थ नाही. स्वतः मागवायचं असेल तर 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' माग, पालक आणि काबुली चणे, त्यात जिरं घातलेलं. पहिल्या घासाला तुला घरचा वास येईल. आणि 'बेरेन्खेनास कोन मिएल दे कान्या' सोडू नकोस, वांग्याचे तळलेले काप आणि वरून काकवी. हो, आपलीच उसाची काकवी. ग्रानादाच्या किनाऱ्यावर ऊस अरबांच्या काळापासून होता, तिथला शेवटचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद झाला, पण शेजारच्या फ्रिखिलियानात काकवी अजून बनते.

तुझ्या मैत्रिणीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तिचं वाक्य वेगळं आणि ते तिने झोपेतही म्हणता आलं पाहिजे: 'सोय आलेर्खिका आ लोस काकाउएतेस.' तिच्या बाजूला कायदा आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमाप्रमाणे, १३ डिसेंबर २०१४ पासून, ॲलर्जी देणाऱ्या १४ जिन्नसांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, हॉटेलातल्या सुट्या पदार्थांचीसुद्धा. 'ला कार्ता दे आलेर्खेनोस' माग. त्या यादीत ग्लूटेन, अंडं, मासे, कवचाचे आणि शिंपल्याचे प्राणी, शेंगदाणे, सुकामेवा, दूध, तीळ, मोहरी वगैरे आहेत. पण तू त्या तक्त्यावर विसंबू नकोस: मांस हा ॲलर्जीचा जिन्नस नाही, म्हणून डुक्कर-गाय-कोंबडी त्यात कुठेच नाही. तक्ता तुला मासा दाखवेल, खामोन दाखवणार नाही.

पाकिटावर जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि ॲलर्जीचे जिन्नस ठळक अक्षरांत. 'पुएदे कोन्तेनेर त्रासास दे' म्हणजे अंश असू शकतो. 'खेलातीना' दिसलं तर ते प्राणिजन्य. 'ई-१२०', म्हणजे 'कोचिनीया', हा किड्यांपासून काढलेला लाल रंग. चीजमध्ये 'कुआखो' म्हणजे दूध फाडायचं विरजण, ते बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं. फारच काटेकोर असशील तर एस्त्रेमादुराचं 'तोर्ता देल कासार' घे, ते काटेरी फुलाच्या केसरांनी विरजतात. आणि प्रिझर्व्हेटिव्ह नको म्हणायचं असेल तर शब्द 'कोन्सेर्वान्तेस'. 'प्रेसेर्वातीवो' म्हणजे निरोध. दुकानात उगाच करमणूक नको.

बाजारात रांग दिसत नाही, पण असते. गाळ्याशी गेलीस की 'किएन एस एल उल्तिमो?', शेवटचं कोण, असं मोठ्याने विचार. जो हात वर करेल त्याच्यानंतर तुझा नंबर. भाजीला हात लावू नकोस, भाजीवाली देईल. 'मे पोने मेदियो किलो दे तोमातेस?' अर्धा किलो. 'उन कुआर्तो' म्हणजे पाव किलो, आपल्यासारखंच. जुडीला 'मानोखो', लसणाच्या गड्ड्याला 'काबेसा', पाकळीला 'दिएन्ते'. 'पिमिएन्तो' ढोबळी मिरची, 'पिमिएन्ता' मिरी, 'पिमेन्तोन' मिरचीची पूड. तिघांत गोंधळ करू नकोस. ती पूड ला वेरा या भागातली असेल तर ओकच्या धुरावर वाळवलेली असते, तिचा वास म्हणजे चोरीसोचा वास, कारण चोरीसोला तो वास येतो तोच मुळी हिच्यामुळे. तेव्हा बटाट्याला तसा वास आला म्हणून उठून जाऊ नकोस, आधी विचार.

कोथिंबिरीला 'सिलान्त्रो' म्हणतात. तिच्यासारखी दिसणारी पण वेगळ्या चवीची 'पेरेखिल' सगळीकडे मिळते, मासेवाले तर ती गिऱ्हाइकाला फुकट देतात. बेसन 'आरीना दे गार्बान्सो', सहज मिळेल. कादिसकडे कोळंबीच्या धिरड्यांत ते घालतात. रवा 'सेमोला', जिरं 'कोमीनो', हळद 'कूर्कुमा', आलं 'खेन्खीब्रे'. शरदात 'चिरिमोया' आली की सोडू नकोस, सीताफळाची सख्खी चुलतबहीण, ग्रानादाच्या किनाऱ्यावरच पिकते.

वहीत शब्द लिहिताना अ-आ-इ प्रमाणे लिहू नकोस. पहिल्या पानावर जे तुला नको त्याची नावं: खामोन, चोरीसो, मोर्सीया (रक्ताचा सॉसेज), बेइकोन, तोसीनो, पोयो, आतून, आन्चोआ, बाकालाओ, गाम्बास (कोळंबी), मान्तेका. विमानात बसायच्या आधी एवढं पान पाठ झालं पाहिजे. हवं ते नंतर बोटाने दाखवूनही मागता येतं. नको ते बोटाने दाखवता येत नाही, कारण ते रश्श्यात असतं.

घरमालकीण बाई स्वयंपाक करत असली तर तिच्या शेजारी उभी राहा. कांदा-लसूण-टोमॅटो ऑलिव्ह तेलात परतून ती 'सोफ्रीतो' करेल, आपल्या वाटणा-फोडणीच्या जागी. 'किती?' विचारलंस तर 'आ ओखो' म्हणेल, अंदाजाने. तिच्याकडून महिन्याभरात जे शब्द शिकशील ते माझ्या वर्गात वर्षभरात शिकली नसतीस.

हिंग आणि गोडा मसाला इथूनच ने. कॅथेड्रलजवळच्या सान आगुस्तीनच्या बाजारात पहिल्या शनिवारी सकाळीच जा. रविवारी भाजीचे गाळे बंद असतात.